जुनी पिकअप, पण कोणत्या सालची? सासवड ते मार्केट यार्ड मार्गावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुरंदर तालुक्यात सासवडच्या आसपास राहणारे दोघे सख्खे भाऊ. थोरला शेती बघतो: अंजीर, सीताफळ आणि थोडा वाटाणा. धाकटा माल घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो आणि हंगाम नसेल तेव्हा मिळेल ते काम करतो. इतकी वर्षं माल भाड्याच्या टेम्पोतून जायचा. सीताफळाचं त्याने फारसं बिघडत नाही, अंजिराचं मात्र बिघडतं. पिकलेलं अंजीर तोडलं की ते त्याच दिवशी विकलं जायला हवं, एक रात्र थांबलं तर फळ मऊ पडून भाव खाली येतो. भाड्याची गाडी चार वस्त्यांवरून माल गोळा करत निघते आणि तिच्या उशिराचा फटका ज्याचा माल सर्वांत नाजूक त्याला बसतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये दोघे माझ्याकडे आले. मी हडपसरला जुन्या मालवाहू गाड्या तपासून देण्याचं काम करतो. धाकट्याचा प्रश्न सरळ होता, "सगळ्यात भरवशाचं साल कुठलं, तेवढं सांगा. त्याच सालची गाडी शोधतो."

दोघांची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत. गाडीच्या कंपनीचं नावही घेत नाही. पाहिलेल्या तिन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच घडणीच्या डिझेल पिकअप होत्या, त्यामुळे तुलना सालाची आणि वापराची झाली.

अडचण

खरेदी, कागदपत्रं आणि पहिली दुरुस्ती धरून साडेसहा लाखांच्या आत बसवायचं होतं. निम्मे पैसे घरचे, उरलेले गावच्या पतसंस्थेचं कर्ज. खट्टा बहाराचं, म्हणजे हिवाळी हंगामाचं, अंजीर डिसेंबरच्या सुमाराला सुरू होतं, म्हणजे हातात दोन-अडीच महिने.

खरी गुंतागुंत कामात होती. पहाटे भरलेली गाडी दिवे घाटातून उतरून हडपसरमार्गे मार्केट यार्डात जाणार आणि दुपारी रिकामी घाट चढून परतणार. हंगाम सरला की तीच गाडी पुण्यात फर्निचर, फ्रिज, घरसामान पोचवणार. पेठांमधून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, दिवसभर बंद-चालू करत. रस्त्यावरची लांब धाव आणि शहरातली रखडपट्टी ही इंजिनाच्या दृष्टीने दोन वेगळी आयुष्यं आहेत. एकच गाडी दोन्ही जगणार होती.

त्यात भावाभावांत मतभेद. थोरल्याला कमीत कमी किमतीची गाडी हवी होती, धाकट्याला शक्य तितकी नवी. "दादा, बीएस-४ आता बंदच होणार आहे," हे त्याचं पालुपद. (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरातल्या प्रदूषणाची मर्यादा ठरवणारा सरकारी टप्पा.) दिल्लीत प्रदूषण वाढलं की बीएस-४ डिझेल गाड्यांवर निर्बंध येतात, ते त्याने ऐकलं होतं. सासवड-पुणे फेऱ्यांना ते लागू नाहीत, पण पुढे गाडी विकताना या भीतीचा भावावर परिणाम होऊ शकतो, एवढं त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं.

सालाचा हिशेब

गाडी बघायला बाहेर पडण्याआधी आम्ही कागदावर साल ठरवलं. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

आपल्याकडे पिकअपच्या बाबतीत सालापेक्षा उत्सर्जनाचा टप्पा जास्त फरक पाडतो, कारण टप्पा बदलला की इंजिनाची इंधनव्यवस्था, सेन्सर, सायलेन्सर सगळं बदलतं. पुणे, मुंबई, सोलापूर ही शहरं २०१० पासूनच बीएस-४ च्या यादीत होती, संपूर्ण देशात मात्र बीएस-४ लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. त्याच्या दोन-तीन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेपासून बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला आणि मधल्या दिवसांत उरलेल्यातला बराच साठा सवलतीत विकला गेला. बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० पासून. डिझेलमधलं गंधक तेव्हा दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं आणि छोट्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, दिसू लागली. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा, पण त्या गाड्या यांच्या बजेटबाहेर होत्या.

म्हणजे २०१७ आणि २०२० ही दोन्ही वर्षं सांध्यावरची. ‘२०२० ची गाडी’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ती २०१९ मध्ये बनून मार्च २०२० मध्ये नोंदवलेली बीएस-४ असेल किंवा लॉकडाउननंतरची पहिलीवहिली बीएस-६ असेल. दोघींचं औषधपाणी पूर्ण वेगळं.

दुसरी रेघ आठ वर्षांची. व्यावसायिक गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांसाठी मिळतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. २०१७ ची गाडी घेतली असती तर हे दोन्ही खर्च घेतल्या घेतल्याच सुरू झाले असते.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं: २०१८ किंवा २०१९ ला बनलेली बीएस-४ गाडी. तोवर बीएस-४ ची व्यवस्था मुरलेली होती, गावोगावच्या मिस्त्रींचा हात तिच्यावर बसलेला होता आणि सुटे भाग सासवडलाही मिळतात. पहाटे चार वाजता गाडी अडली तर ती कुणाला उघडता येईल, हा प्रश्न अंजीरवाल्यासाठी फार मोठा आहे. बीएस-६ घ्यायचीच तर २०२१ नंतरची, तीही महामार्गावर चाललेली.

इतर पर्याय

नवी गाडी घेण्याचा विचार झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि शोरूमच्या किमती उतरल्या. तरीही कर्जाचा हप्ता अंजिराच्या दोन बहारांवर पेलणारा नव्हता. जीएसटी उतरल्याचा फायदा वेगळ्याच ठिकाणी झाला, तो पुढे येईल. सीएनजी धाकट्याने सुचवलं होतं. सिलिंडरचं वजन, घाट आणि पंपावरची रांग बघून त्यानेच ते सोडलं.

समोर आलेल्या तीन गाड्या

पहिली २०१८ ची, वाघोलीकडची, सिमेंट-सळई वाहिलेली. किंमत चार लाख साठ हजार. थोरल्याचा जीव हिच्यात होता. मागचे पाटे, म्हणजे वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या, मोजले तर मूळच्यापेक्षा जास्त भरले, म्हणजे वर पाटा चढवून घेतलेला. असं कुणी हौसेने करत नाही, पासिंगपेक्षा जास्त वजन रोज ओढायचं असेल तरच करतं. पाट्याच्या मागच्या ब्रॅकेटजवळ चॅसीवर वेल्डिंगचा पट्टा होता आणि त्यावर ताजा काळा रंग. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, तर भकाभका वाफारा. बॅक कॉम्प्रेशन मारत होतं, म्हणजे पिस्टनच्या कडेने सिलिंडरमधला वायू खाली निसटत होता. "इंजिन कधी उघडलंच नाही, शेठ," असं एजंट कौतुकाने सांगत होता. ते खरंच असावं. आता उघडायची वेळ आली होती आणि तो खर्च यांच्या गळ्यात पडला असता.

दुसरी २०२१ ची बीएस-६. शहरात पार्सल पोचवण्याच्या कामावर होती. मीटर ४८,००० च्या आसपास, सीट चकाचक, किंमत सात लाख दहा हजार. धाकटा केबिनमधून उतरायला तयार नव्हता. बजेटच्या वर होती, पण तो म्हणाला, "वरचे मी भाड्याच्या कामातून फेडतो, दादा." थोरल्याचा विरोध तिथे मावळत चालला होता. मी ऑइलची पट्टी काढायला लावली. पातळी वरच्या खुणेच्या बऱ्याच वर होती आणि पट्टीवरच्या थेंबाला डिझेलचा वास येत होता.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला धुराड्यात ५५०-६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी सलग वेगात चालली तर ते काम बिनबोभाट होतं. शहरात तसं घडत नाही, म्हणून अनेक गाड्यांत संगणक सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडून उष्णता वाढवू बघतो. तेवढ्यात ड्रायव्हर पुढच्या सोसायटीच्या दारात गाडी बंद करतो. अर्धवट राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढते, ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइलवर बेअरिंग आणि टर्बो झिजतात. स्कॅनर लावला तर काजळीची साफसफाई पुन:पुन्हा अर्ध्यात तुटल्याची नोंद निघाली. ४८,००० किलोमीटर हा आकडा खरा होता, पण ते सगळे किलोमीटर त्या इंजिनासाठी सर्वांत वाईट प्रकारचे होते.

गाडी टाकाऊ होती असं नाही. चांगल्या वर्कशॉपमध्ये डीपीएफ साफ करून, ऑइल बदलून, महामार्गावर चालवणाऱ्या माणसाने ती घेतली तर कदाचित सुधारली असती. पण जी माणसं वर्षाचे काही महिने तिला पुन्हा पेठांतच घालणार होती, त्यांना ती घ्या असं मी सांगू शकत नव्हतो.

तिसरी गाडी एका दूध संकलनवाल्याची. किंमत पाच लाख साठ हजार, जाहिरातीत ‘२०२० मॉडेल’. एक लाख सत्तर हजार किलोमीटर ऐकून दोघांचेही चेहरे पडले.

तिसऱ्या गाडीची तपासणी

आधी साल पक्कं केलं. आरसीवर नोंदणी मार्च २०२० ची, पण त्याच आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते जून २०१९ होतं, आणि टप्पा बीएस-४. चॅसी क्रमांकाचं दहावं अक्षर ‘के’, म्हणजे २०१९. शेवटी गाडीखाली वाकून स्टेपनी पाहिली. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे २११९ होतं, म्हणजे २०१९ चा एकविसावा आठवडा. स्टेपनी मूळचीच होती आणि तिन्ही पुरावे जुळत होते. मालकाने खोटं काही सांगितलं नव्हतं, तो नोंदणीचं साल सांगत होता. पण भाव करताना उत्पादनाचं साल धरायचं, हे आम्ही तिथेच ठरवलं.

उशिराच्या नोंदणीचा यांना फायदाही होता. आठ वर्षांची मुदत नोंदणीपासून मोजली जाते, म्हणजे दरवर्षीचं फिटनेस मार्च २०२८ पर्यंत लांब होतं. १ एप्रिल २०१९ नंतरची नोंदणी असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही आधीपासूनच होती.

सकाळी मालकाला आधी न कळवता गेलो. बॉनेटवर हात ठेवला, थंडगार. जुन्या डिझेलची खरी परीक्षा थंड इंजिनावर होते, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवणारे खूप आहेत. दुसऱ्या सेल्फला इंजिन लागलं, क्षणभर पांढरट धूर, मग स्वच्छ. ऑइलच्या झाकणातून किरकोळ वाफ. रेडिएटरमध्ये कूलंटच होतं, त्यावर तेलाचा तवंग नाही. पाटे मूळचे, फक्त बुश झिजलेले.

नंतर दिवे घाट. या दोघांच्या मालाइतकं वजन हौद्यात भरलं आणि गाडी वरून खाली आणली, कारण त्यांचा भरलेला प्रवास उताराचा आहे. चढ बघून इंजिन कळतं, उतार बघून ब्रेक आणि गिअरबॉक्स. तिसऱ्या गिअरवर गाडी इंजिनाच्या जोरावर धरून राहिली, गिअर निसटला नाही. खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात नेला तर मागचं डावं चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम. ब्रेकचं लायनर चिकटत होतं. परतीच्या चढावर तापमानाचा काटा हलला नाही, पण वळणावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मागे राहिली. क्लच प्लेट संपत आली होती.

वजनकाट्यावर रिकामी गाडी आरसीतल्या वजनापेक्षा सुमारे ९० किलो जास्त भरली. हौद्यात जादा पत्रा आणि अँगल मारलेले होते. तो पत्रा एका कोपऱ्यात उचकटून बघितला. खाली मूळ तळ दुधाच्या आणि धुण्याच्या पाण्याने खाल्लेला होता, बोट दाबलं की पापुद्रा निघत होता. चॅसीपर्यंत गंज पोचला नव्हता.

मालकाकडे एका वहीत दर ऑइल बदलाची तारीख, मीटरचा आकडा आणि गॅरेजच्या पावत्या डकवलेल्या होत्या. ती वही मी बराच वेळ चाळत बसलो. रोज ठरलेला रस्ता, ठरलेलं वजन, वेळेवर ऑइल. एक लाख सत्तर हजारांची भीती थोरल्याच्या मनातून तिथे गेली.

निर्णय

तिसरी गाडी. धाकट्याला ते गोड लागलं नाही आणि दोन दिवस घरात अबोला होता, असं थोरल्याने नंतर सांगितलं. शेवटी पटलं ते आकड्यांवर. तिसरीत क्लच, ब्रेक, बुश आणि हौद्याचा तळ, म्हणजे काय काय खराब आहे ते सगळं डोळ्यांसमोर होतं आणि प्रत्येकाचा दर काढता येत होता. पहिल्या दोन गाड्यांत खर्च इंजिनाच्या आत होता, तिथे आकडा कुणीच सांगू शकत नव्हतं.

भाव करताना उत्पादनाचं साल, दोषांची यादी आणि नव्या गाड्यांचा उतरलेला जीएसटी असे तीन मुद्दे मांडले. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला हवा, हे मालकालाही मान्य होतं. पाच लाख पंधरा हजारांवर सौदा ठरला.

कागदपत्रं

इथे प्रकरण अडलं. मालकाने कर्ज कधीच फेडलं होतं, पण आरसीवरचा बोजा उतरवला नव्हता. फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय बोजा उतरत नाही आणि बोजा उतरल्याशिवाय नाव लागत नाही. एनओसी आली तेव्हा तिची मुदत, सही, शिक्का बघण्यात आणखी दिवस गेले. नोंदणीतला मोबाइल नंबरही जुना होता, तोही बदलून घ्यावा लागला.

एजंट म्हणत होता, "पूर्ण पैसे द्या, गाडी घेऊन जा, कागद मागाहून होतील." हंगाम तोंडावर होता आणि धाकटा तयारही झाला होता. थोरल्याने ऐकलं नाही. नावावर होण्याआधी अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यापर्यंत दावा जातो, मग खरेदीदार, विक्रेता आणि विमा कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत बसतात. त्याने टोकन दिलं आणि उरलेली रक्कम बोजा उतरल्यावर, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर दिली. ई-चलनं मालकाने भरली. विमा नावावर करून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आत केला.

या सगळ्यात डिसेंबर उजाडला आणि खट्ट्या बहाराचे पहिले तोडे पुन्हा भाड्याच्या गाडीतूनच गेले. त्याचं नुकसान झालं. तरीही थोरल्याचा हट्ट योग्य होता असं मला ठामपणे वाटतं.

पुढे काय झालं

क्लचचा पूर्ण संच, चारही चाकांचे लायनर, बुश, सगळे फिल्टर, कूलंट, शिवाय हौद्याचा कुजलेला तळ काढून नवा पत्रा. जादा अँगल काढून टाकले. दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेत हे बसलं, थोडे पैसे उरले.

उन्हाळ्यात मीठ्या बहाराला गाडी रोज धावली. एकदा मार्केट यार्डात सेल्फने दगा दिला. माल उतरलेला होता, हमालांनी धक्का दिला, गाडी सुरू झाली आणि सासवडला आल्यावर सेल्फ दुरुस्त झाला. घाटात ती कधी थांबलेली नाही. अंजिराच्या पाट्या आता उजाडायच्या आत गाळ्यावर लागतात आणि आडत्याकडे पहिल्या मालाला मिळणारा भाव यांना मिळू लागला आहे. धाकटा आता वही ठेवतो, आधीच्या मालकाची होती तीच पुढे चालू.

वेगळं काय करता आलं असतं

शोध उन्हाळा संपता संपता सुरू व्हायला हवा होता. बोजा उतरायला लागणारा वेळ कुणाच्या हातात नसतो. आणि गाडी तपासायच्या आधी परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बोजा, फिटनेस, विमा बघता येतो. तो बघून मालकाला पहिल्याच दिवशी एनओसीच्या कामाला लावलं असतं, तर बहुधा पहिले तोडेही स्वतःच्या गाडीतून गेले असते.

बीएस-६ च्या बाबतीत शोध अपुरा राहिला. एकच गाडी पाहिली आणि ती शहरात वापरलेली निघाली. नाशिक किंवा सोलापूर रस्त्यावर भाजीपाला वाहणारी २०२१-२२ ची एखादी गाडी मिळाली असती तर तुलना अधिक न्याय्य झाली असती. शहरातल्या कामाचं प्रमाण वाढलं, तर हा प्रश्न या भावांसमोर पुन्हा येईल. तेव्हा किंमत विचारायच्या आधी स्कॅनरचा अहवाल आणि ऑइलची पट्टी बघायची, असं धाकट्याने स्वतःच ठरवून ठेवलं आहे.

हौद्यातला पत्रा उचकटण्याची परवानगी मालकाने दिली म्हणून तळ दिसला. सगळे देत नाहीत. दूध, मासळी किंवा मीठ वाहिलेली गाडी असेल आणि पत्रा उचलू देत नसतील, तर नव्या तळाचा पूर्ण खर्च आधीच किमतीतून वजा धरून बोलणी करावीत, आणि मालक त्याला कबूल नसेल तर पुढची गाडी बघावी.